पस्तिसावं तिकीट

"फुकट आहे ना? मग तिकीट कशाला?" युलालीबाईंनी विचारलं.

संग्रहालयाच्या दाराशी टेबल मांडून बसलेल्या म्हाताऱ्या पहारेकऱ्यानं मान वर केली नाही. पुस्तकातलं एकेक पिवळं तिकीट आधी नखानं दाबून, मग अलगद, तो फाडत होता.

"पैशासाठी नाही बाई, मोजणीसाठी. जेवढे आत गेले तेवढे बाहेर आले पाहिजेत. नाहीतर संध्याकाळी कुलूप कोणाच्या भरवशावर लावू?"

अब्लावीला हे पटलं. बसमधून उतरल्यापासून ती तिसऱ्यांदा मुलं मोजत होती. तिसरीच्या वर्गातली एकतीस, सगळी खाकी गणवेशातली, आणि बत्तिसावा तिचा स्वतःचा झिन्सू. तो बालवर्गातला, पण बाईंचा मुलगा म्हणून त्याला बसमध्ये जागा मिळाली होती. ती आणि युलालीबाई, दोन शिक्षिका धरून चौतीस. तिची मोजणी एकदा कधी पुरत नसे. चौतीस झाले तरी कुणीतरी राहिलंय असं वाटायचं आणि ती पुन्हा पहिल्या डोक्यापासून सुरुवात करायची.

"आणि पिशव्या इथं ठेवायच्या," पहारेकरी म्हणाला. "आत पिशवी नाही."

मुलांनी दप्तरं लाकडी मांडणीवर ढकलली. युलालीबाईंनी आपली मोठी चामडी पर्स कुरकुरत ठेवली. अब्लावीचा हात मात्र पिशवीच्या तोंडावर तसाच राहिला. झिन्सूला शू लागली असेल, असं ती म्हणाली. झिन्सूनं मान हलवून नाही म्हटलं, पण तोवर तिनं त्याला दंडाला धरून व्हरांड्यातून मागे नेलंसुद्धा.

मागच्या अंगणात नळ होता. तिनं आजूबाजूला पाहिलं, पिशवीतून वीतभर लांबीचं गाठोडं काढलं आणि कमरेच्या कापडात, पोटाशी, घट्ट खोचलं. वरून दुसरं कापड गुंडाळलं. झिन्सू सगळं पाहत होता.

"तो पण येणार ना वर?" त्यानं विचारलं.

"येणार. पण कुणाला सांगायचं नाही. काय सांगितलंय मी?"

"कुणी विचारलं तरी नाही सांगायचं."

गाठोड्यात साग्बो होता.

झिन्सू आणि साग्बो. त्यांच्या पोर्तो-नोव्हो शहरात जुळे मुलगे झाले की नावं शोधावी लागत नाहीत. ती वाट पाहत बसलेलीच असतात. चौदा महिन्यांचे असताना दोघांनाही एकदमच ताप चढला होता. दवाखान्यात दोघांना मिळून एकच खाट. झिन्सू जन्मापासून किरकोळ, साग्बो गुटगुटीत. अब्लावी दिवसभर झिन्सूवर डोळा ठेवून बसली; त्याचा श्वास मोजत, त्याच्या ओठांना पाणी लावत. साग्बो पलीकडे शांत झोपलाय याचं तिला बरं वाटत होतं. दुपारी नर्स आली आणि तिनं खाटेच्या पलीकडच्या बाजूला हात लावला. आपण चुकीच्या पोरावर पहारा दिला, ही गोष्ट अब्लावीनं आजवर कुणालाही बोलून दाखवली नव्हती.

जुळ्यातलं एक गेलं की इथं 'मेलं' म्हणत नाहीत. ते रानात लाकडं आणायला गेलं असं म्हणतात. आणि ते परत येईपर्यंत त्याच्या जागी लाकडाचं एक बाळ कोरून घेतात. त्याला न्हाऊ घालतात, पावडर लावतात, भावाला जे जे मिळेल ते त्यालाही देतात. नाही दिलं तर ते भावाला बोलावून घेतं. हे सगळं अब्लावी आईच्या तोंडून ऐकत मोठी झाली होती, आणि भूगोलाची पदवी घेईपर्यंत विसरलीही होती. आई तिला सुताराकडे न्यायला आली तेव्हा ती म्हणाली होती की मी शिकलेली बाई आहे, मला लाकूड नको. आईनं शांतपणे विचारलं, "मग तुझ्या नकाशात दाखव, पोरगा कुठं गेलाय ते." अब्लावी उठून सुताराकडे गेली.

पण नवऱ्याच्या, गिल्दासच्या, नव्या चर्चमध्ये असल्या गोष्टींना थारा नव्हता. माणूस वाईट नव्हता तो. आपल्या घरावर देवाचा कोप नको एवढंच त्याचं म्हणणं. गेल्या ईस्टरला चर्चच्या अंगणात सगळ्यांनी घरातल्या जुन्या मूर्ती, गंडे, ताईत आणून जाळले. अब्लावीनंही सगळ्यांदेखत एक गाठोडं आगीत टाकलं. गिल्दासनं तिचा खांदा दाबला. युलालीबाई शेजारी उभ्या राहून रडल्या होत्या. त्या तिच्याच शाळेत आणि त्याच चर्चमध्येही. आगीत पडलं होतं ते मोडक्या मुसळाचं टोक. साग्बो तेव्हा ट्रंकेत, तिच्या लग्नातल्या कापडाखाली होता. गिल्दास कामावर गेला की ती त्याला बाहेर काढायची.

एकदाच, पावसाळ्यात, ती झिन्सूला घेऊन बहिणीकडे गेली आणि साग्बो ट्रंकेतच राहिला. संध्याकाळी झिन्सूचं अंग भट्टीसारखं तापलं. रक्त तपासलं तर हिवताप निघाला. डासानं चावल्यावर हिवताप होतो हे ती दर वर्षी फळ्यावर चित्र काढून शिकवते. तरी त्यानंतर तिनं साग्बोला मागं ठेवलं नाही.

ती परत दाराशी आली तेव्हा नकळत बाजूच्या जिन्याकडे वळली.

"समोरून, पोरी, समोरून," पहारेकरी म्हणाला. "सगळ्या बायका तिकडंच वळतात. आता पुढचं दार आपलंच आहे."

एके काळी ही फ्रेंच साहेबाची कचेरी होती. अब्लावीच्या आईच्या आईला कराची पावती घ्यायला मागच्या जिन्यानं, तेही चपला हातात घेऊन चढावं लागे. आता आत भिंतींवर चित्रं होती. कुणी पत्र्याची केलेली, कुणी जुन्या जाळ्यांची, कुणी नुसत्या रंगाची. छत उंच, खिडक्यांना हिरव्या झडपा, आणि लाकडी फरशी अशी चकचकीत की मुलं पाय घासून चालायला लागली. युलालीबाईंना एक मोठं निळं चित्र अजिबात आवडलं नाही. हे तर आमच्या शाळेच्या भिंतीला ओल आल्यावर आपोआप तयार होतं, असं त्या म्हणाल्या आणि मुलं खिदळली. पहारेकरीही हसला. तो त्यांच्या मागोमाग एकेका दालनातून चालत होता. नाव दोसू. जुळ्यांच्या पाठीवर जन्मलेल्या मुलाचं हेच नाव असतं. म्हणजे याच्याही घरी कधीतरी जुळं होतं, असं अब्लावीच्या मनात येऊन गेलं. एकोणीस वर्षं तो इथंच होता.

माडीवर शेवटच्या दालनात काचेची पेटी होती. आत जुळ्यांच्या लाकडी बाहुल्या. कुणाच्या गळ्यात मणी, कुणाचं नाक झिजून सपाट झालेलं. अकरा जोड्या, आणि एका कोपऱ्यात एकटाच एक. खाली पाटी: लाकूड, विसाव्या शतकाचा पूर्वार्ध, कारागीर अज्ञात. अब्लावीनं पाटी दोनदा वाचली. मुलांची नावं कुठंच नव्हती. लाकूड फिकं पडलं होतं, कडेनं बारीक चिरा गेल्या होत्या. तहानेल्या माणसाचे ओठ दिसतात तसं.

झिन्सू काचेला नाक लावून उभा होता.

"यांना आंघोळ कोण घालतं?"

"कुणी नाही, बाळा," दोसू म्हणाला.

"मग जेवायला?"

दोसूनं खाली बोट दाखवलं. पेटीच्या पायाशी, फरशीच्या फटीत, चवळीचे दोन दाणे आणि चांदीच्या कागदातली एक गोळी पडली होती. "लोक ठेवून जातात. साहेब म्हणतो मुंग्या येतात. मी रोज संध्याकाळी झाडून काढतो." थोडं थांबून म्हणाला, "सावकाश झाडतो."

झिन्सूनं खिशातून आपल्या दोन टॉफ्या काढल्या. एक त्यानं एकट्या बाहुल्यासमोर ठेवली. दुसरी हातातच धरून आईच्या कमरेकडे पाहिलं. अब्लावीनं डोळ्यांनीच त्याला गप्प केलं. दोसूची नजर मुलाकडून आईकडे गेली आणि परत काचेवर आली.

परतताना जिन्यावर तिनं पुन्हा मोजायला घेतलं. एकोणीस, वीस. एकविसाव्या मुलीच्या चपलेचा पट्टा सुटला होता आणि मागची मुलं ढकलत होती. पडेल म्हणून अब्लावी पायरीवर वाकली, एका हातानं पट्टा ओढला, आणि कमरेची गाठ सैल झाल्याचं तिला फार उशिरा कळलं.

लाकडावर लाकूड पडल्याचा आवाज झाला. गाठोडं तीन पायऱ्या उतरलं, चिंधी सुटली आणि साग्बो खाली फरशीवर उताणा पडला.

सगळे थांबले. झिन्सू तेवढा गर्दीतून सरसर खाली गेला. त्यानं साग्बोला उचललं, त्याच्या डोक्याच्या मागं हात लावून पाहिला आणि तिथं फुंकर घातली. दोन वेळा.

खालच्या खोलीतून संग्रहालयाचा तरुण अधिकारी बाहेर आला. अर्मेल त्याचं नाव, इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र. त्यानं मुलाच्या हातातलं पाहिलं, वर जिन्याकडे पाहिलं, आणि आवाज न चढवता विचारलं, "हे कुठून घेतलंस?"

झिन्सू गप्प.

"वरच्या पेटीतून काढलंस? घाबरू नको. खरं सांग."

झिन्सूनं ओठ दाबून धरले. कुणी विचारलं तरी सांगायचं नाही. त्याच्या डोळ्यांत पाणी भरलं, ते गालांवरून खाली आलं, पण त्यानं साग्बोला छातीशी धरलं आणि तोंड उघडलं नाही. मागच्या रांगेत कुणीतरी कुजबुजलं की बाईंच्या मुलानं चोरलं.

युलालीबाई पुढं झाल्या. त्यांच्या मते यात एवढं काही नव्हतं. पोर लहान आहे, कुठंतरी पडलेलं उचललं असेल. वस्तू तुमची तुम्ही ठेवून घ्या, मुलाला माफ करा, आमची बस बाहेर उभी आहे. अर्मेललाही ते बरं वाटलं. पेटी तपासावी लागेल, तो म्हणाला, पण किल्ली मुख्य अधिकाऱ्यांकडं आहे आणि ते सोमवारी येतील. तोवर हे कपाटात राहील. त्यानं हात पुढं केला.

अब्लावी पायऱ्या उतरत होती. नुसतं गप्प राहिलं की झालं. झिन्सूला दोन धपाटे, एक माफी, आणि गिल्दासला कधीच काही कळणार नव्हतं. सोमवारी येऊन काहीतरी सांगून परत मागता आलं असतं. नाहीतर मग तो राहिला असता, वर, त्या एकट्याच्या शेजारी, कारागीर अज्ञात. तिनं झिन्सूकडे पाहिलं. तो तिच्याकडे पाहत नव्हता, कारण पाहिलं असतं तर सगळ्यांना कळलं असतं.

"माझा आहे तो," ती म्हणाली.

"काय आहे तुमचं?" अर्मेलनं विचारलं.

"मुलगा. साग्बो नाव त्याचं. या झिन्सूचा भाऊ. लाकडं आणायला गेलाय." तिचा आवाज वर्गात असतो तसाच होता, फक्त शब्दांमध्ये अंतर पडत होतं. "मीच आणला. पिशवी ठेवायला सांगितलीत, म्हणून कमरेला घेतला. या पोरानं काही चोरलं नाही. मी सांगितलं म्हणून तो गप्प आहे."

युलालीबाईंनी तिच्याकडे पाहिलं.

अर्मेल अवघडला. अविश्वास दाखवायचा नव्हता, पण वर एक बाहुला जोडीविना होता, आणि उद्या कुणी विचारलं तर त्याला नुसतं एका बाईचं बोलणं पुरणार नव्हतं. काही पुरावा आहे का, असं त्यानं विचारलं आणि विचारताना स्वतःच खाली पाहिलं. आपल्या मुलाचा पुरावा म्हणून काय दाखवायचं ते अब्लावीला सुचेना.

तेव्हा दोसू पुढं आला. तो झिन्सूसमोर गुडघ्यावर बसला. "जरा देतोस? लगेच परत देतो." झिन्सूनं आईकडे पाहिलं आणि दिलं.

म्हाताऱ्यानं साग्बोला दोन्ही हातांत घेतलं, एक तळवा मानेखाली धरून. त्याच्या मानेवरून अंगठा फिरवला आणि अर्मेलला दाखवला; अंगठ्यावर पांढरी पावडर होती. मग ओठांपाशी बोट टेकवलं. बोट तेलकट, लालसर झालं.

"वास घ्या साहेब. आज सकाळची चवळी आहे. लाल तेलातली." तो उठला. "वरची मी एकोणीस वर्षं राखतोय. त्यातलं एकही जेवलेलं नाही."

अर्मेलनं वास घेतला. मग मान हलवली. पण एक अडचण होती, तो हळू म्हणाला. वस्तू बाहेर जाताना वहीत नोंद लागते, आणि आत आल्याची नोंद नसेल तर बाहेर गेल्याची कशी करणार?

"वस्तू असेल तर," दोसू म्हणाला.

तो दाराशी टेबलापाशी गेला. तिकिटांचं पुस्तक उघडलं, नखानं रेघ दाबली आणि एक पिवळं तिकीट अलगद फाडलं.

"सकाळी एक तिकीट कमी फाडलं गेलं. चूक माझी. म्हातारा झालोय, मोजणीत चुकतो."

अर्मेल तिकिटाकडे पाहत राहिला. त्याच्या वहीत अशा नोंदीला रकाना नव्हता, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मग त्यानं खिशातलं पेन काढलं, आजच्या पाहुण्यांच्या आकड्यातला चौतीस खोडला आणि पस्तीस लिहिला.

मुलांनी दप्तरं घेतली. युलालीबाई अब्लावीच्या जवळ आल्या. आवाज इतका खाली की फक्त तिलाच ऐकू यावा.

"ईस्टरला मग काय जाळलंस गं?"

"मुसळाचा तुकडा."

"मी तिथं रडले होते, अब्लावी. तुझ्यासाठी."

"माहीत आहे मला, बाई."

"गिल्दासला सांगावं लागेल. मला खोटं नाही बोलता येत."

"सांगा. पण तुमच्या आधी मी सांगेन. आज."

युलालीबाई वळल्या, आणि टक लावून पाहणाऱ्या मुलांना दरडावून दोन ओळींत, पाठ करून उभं केलं. अब्लावी पायरीवर बसली. तिनं चिंधी नीट गुंडाळली, साग्बोला कमरेच्या कापडात घेतलं. पण या वेळी वरून दुसरं कापड घेतलं नाही. त्याचं डोकं बाहेर राहिलं, कडेवरच्या मुलाचं राहतं तसं. झिन्सूनं मुठीत मऊ झालेली दुसरी टॉफी काढली आणि त्याच्या मानेशी खोचली.

पुढच्या दारानं सगळे बाहेर पडले. दोसू उंबऱ्यावर उभा राहून प्रत्येक डोक्याला हात लावत मोजत होता. एकतीस झाले. झिन्सू, बत्तीस. युलालीबाईंच्या डोक्याला हात लावायचं धाडस त्याला झालं नाही, तेहेतीस. अब्लावी आली. चौतीस, तो म्हणाला. मग दोन बोटं त्यानं तिच्या कमरेशी, त्या लाकडी कपाळावर अगदी हलकेच टेकवली.

"पस्तीस. झाले सगळे."

बसमध्ये तिनं परत मोजलं नाही. झिन्सू खिडकीशी झोपला. खाडीवरचा पूल गेला, बाजार गेला. तिच्या मुठीत तीन पिवळी तिकिटं होती आणि घामानं ती एकमेकांना चिकटली होती.

शाळेच्या फाटकाशी गिल्दास रोजच्यासारखा मोटारसायकलवर बसून होता. तो कधी गाडी बंद करत नसे. बायको मागं बसली, पोरगा पुढं घेतला की निघायचा, जेवून त्याला परत कामावर जायचं असे. युलालीबाई आधी उतरल्या. त्या त्याच्याकडे गेल्या नाहीत. पर्स सावरत, मान खाली घालून, उलट्या दिशेनं चालू लागल्या.

अब्लावी उतरली. एका हाताला झोपेतला झिन्सू धरून ती रस्ता ओलांडत होती. गिल्दासनं हात हलवला. मग त्याचा हात हवेतच थांबला. तिच्या चेहऱ्यावरून त्याची नजर खाली, कमरेशी गेली आणि तिथंच राहिली. तिनं कापड वर ओढलं नाही. ती चालत राहिली.

ती दोन पावलांवर आली तेव्हा त्यानं किल्ली फिरवली आणि गाडी बंद केली.